बिश्राम

मी बंगाली लिहायला शिकले ती औषधांच्या चिठ्ठ्यांवरून. १९९३ साली मिरजेहून कोलकात्याच्या सॉल्ट लेकला आले, वर्षभरात राहत्या घराच्या तळमजल्यावर दवाखाना सुरू केला, आणि बायकांना घरी गेल्यावर वाचता यावं म्हणून आमच्या कंपाउंडरकाकांनी माझ्याकडून पाच-सहा शब्द गिरवून घेतले. सकाळी. रात्री. जेवणानंतर. पाणी भरपूर. आणि बिश्राम.

बिश्राम म्हणजे आपली विश्रांती. हा शब्द मी पुढं वर्षानुवर्षं लिहीत राहिले. गरोदर बाई अंगानं जास्त भरलेली असली की लिहायचा, बीपी वरच्या काठाला टेकलं की लिहायचा, दोन्ही असलं तर खाली दोन रेघा ओढायच्या. गेल्या पावसाळ्यात दवाखान्यातलं लोखंडी कपाट रिकामं करताना जुनी कार्डं सापडली. ओल लागून कडा फुगल्या होत्या, शाई फिकी पडली होती. रेघा मात्र इतक्या दाबून ओढलेल्या की कार्ड उलटं केलं तरी बोटाला लागत होत्या.

त्यांतल्या बहुतेक रेघा चुकीच्या बाईच्या कार्डावर ओढल्या गेल्या, असं माझं आता मत आहे. ज्यांच्यासाठी ओढल्या त्या बऱ्याचजणी आता दुसऱ्या गावी आहेत, त्यांची मुलं कॉलेजात आहेत. त्यांना गाठून सांगणं शक्य नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

ही समजूत माझ्यात कुठून आली ते मला नेमकं आठवतं. शिकत असताना एका उन्हाळ्यात रात्रपाळीला एक मुलगी टेम्पोतून आली. एकोणीस-वीस वर्षांची, आठवा महिना, तोंड सुजलेलं. स्ट्रेचरवरच तिला पहिला झटका आला. अशा बाईला अंधाऱ्या खोलीत ठेवायचं, उजेडानं आणि आवाजानं झटका येतो, ही त्या काळची जुनी शिकवण होती. सिस्टरनी खिडकीला चादर बांधली, ट्रे वाजू नये म्हणून त्याखाली टॉवेल घातला, आणि मला सांगितलं, हिला उगाच हलवायचं नाही. मी पहाटेपर्यंत तिच्या नाडीवर बोट ठेवून बसले होते. ती वाचली. बाळ गेलं.

त्या रात्रीनंतर बीपी म्हटलं की मला ती चादर बांधलेली खिडकी दिसायची. बाई जितकी कमी हलेल तितकी ती सुरक्षित, हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं; ते भीतीतून आलं होतं. आणि ती मुलगी काटकुळी होती. तिची धास्ती मी पुढं सगळ्या जाड बायकांवर घालत गेले, कारण वजन जास्त असलं की गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो हे मला माहीत होतं. धोका खरा आहे. त्यावरचा माझा उपाय मात्र कुणी तपासलेला नव्हता.

भर म्हणून रोज एक पुरावाही मिळायचा. बाई रिक्षातून उतरून, धापा टाकत आत यायची, बीपी १४० च्या आसपास. मी तिला टेबलावर डाव्या कुशीवर निजवायचे, दहा मिनिटांनी वरच्या हातात पुन्हा मोजायचे. आकडा उतरलेला असायचा. सासूबाईंना दाखवायचे, बघा, पडून राहिलं की कसं उतरतं. कुशीवर निजलेल्या माणसाचा वरचा हात हृदयाच्या पातळीच्या वर जातो आणि तेवढ्यानंच आकडा दहा-बारा अंकांनी कमी दिसतो. रक्तदाब होता तिथंच असतो. हे मी एमबीबीएसला शिकले होते. परीक्षेत लिहिलंही असेल. दवाखान्यात मात्र मला जे बघायचं होतं ते त्या पाऱ्यात दिसायचं.

सॉल्ट लेकमध्ये राहून हे करत होते, याचं आज जास्त वाईट वाटतं. ही वस्ती वसवली ती विधानचंद्र रॉय यांच्या पुढाकारानं. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होण्याआधीपासून ते कोलकात्याचे नावाजलेले डॉक्टर. इथं आधी खाऱ्या पाण्याची दलदल होती. १९६२ पासून हुगळीतला गाळ पाण्यासकट नळांतून ढकलत इथवर आणला आणि ती भरून काढली. आराखडा युगोस्लाव्हियाचे दोब्रिव्होये तोश्कोव्हिच यांचा. आखीव ब्लॉक, ब्लॉकागणिक हिरवं मैदान, जुन्या कोलकात्यात सापडणार नाहीत असे रुंद रस्ते, गुलमोहराची सावली, आणि मधोमध सेंट्रल पार्कचं तळं. इतकी चालण्याजोगी जागा मी दुसऱ्या कुठल्या शहरात बघितली नाही. तिथल्या बायकांना मी निजवून ठेवत होते.

दुर्गापूजेच्या दिवसांत माझी चूक उघडी पडायची. एरवी जिनासुद्धा न उतरणाऱ्या माझ्या पेशंट षष्ठीपासून नवमीपर्यंत नवी साडी नेसून ठाकूर, म्हणजे देवीच्या मूर्ती, बघायला बाहेर पडत. एफडी ब्लॉकचा मंडप, तिथून पुढचा, त्याच्या पुढचा, मध्ये थोडं बसायचं, परत चालायचं. दोन-दोन तास. लक्ष्मीपूजा आटोपून त्या तपासणीला आल्या की मी धास्तीनं बीपी घ्यायचे. बहुतेकींचं ठीक असायचं, चेहरेही तरतरीत असायचे. हे मी दरवर्षी बघितलं, आणि दरवर्षी पुन्हा बिश्राम लिहिलं.

२०१७ मध्ये एक शिक्षिका आली. वय २९, पहिली खेप, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. आपल्याकडच्या लोकांना बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. तिच्या उंचीला २५ म्हणजे ६० किलो. दहाव्या आठवड्यात बीपी १२६/८२. शाळेला वीस मिनिटं चालत जायची, संध्याकाळी ब्लॉकच्या मैदानाला चार फेऱ्या मारायची. तिनं विचारलं, "मॅडम, हाँटते पारी?" चालले तर चालेल ना? मी म्हटलं, नाही. शाळेला रिक्षानं जा, जिने टाळ, फेऱ्या बंद.

तिच्या सासूबाईंनी, मी त्यांना माशिमा म्हणते, माझा शब्द खाली पडू दिला नाही. पलंग खालच्या खोलीत आणला. जेवण हातात. बौमाला, म्हणजे सुनेला, पाण्याचा ग्लासही उचलू द्यायच्या नाहीत. सातव्या महिन्यात साध झाली, म्हणजे आपलं डोहाळजेवण. पायेश, पाच तऱ्हेचं तळण, मासे. हे सगळं प्रेमानं चाललं होतं आणि त्याच्या मुळाशी माझी चिठ्ठी होती. बत्तिसाव्या आठवड्यात काटा शंभराच्या पुढं गेला. काटा तेव्हा बाहेरच्या खोलीत होता, सगळ्यांसमोर, आणि आकडा मोठ्यानं वाचला जायचा. मी दर खेपेला तिला बोलायचे. एवढं कसं वाढलं? तोंडावर ताबा नाही का?

त्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही मला हलू नको म्हणता, आणि वजन वाढलं म्हणून रागावता. मी यातलं कुठलं ऐकू?"

ती रडत नव्हती. वर्गात एखाद्या मुलाला त्याचंच उत्तर पुन्हा वाचायला सांगावं, तसा शांत आवाज होता. मी बाहेर पेशंट खोळंबलेत असं काहीतरी बोलले आणि पुढचं कार्ड ओढलं.

पस्तिसाव्या आठवड्यात तिचं डोकं ठणकायला लागलं. बीपी १५२/९८, चार तासांनी पुन्हा तेच, लघवीत प्रोटीन. म्हणजे प्रीइक्लॅम्प्शिया. दवाखान्यातून थेट हॉस्पिटलमध्ये पाठवलं, छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी, २ किलो १०० ग्रॅम. दोघी सुखरूप घरी आल्या. ती चालत राहिली असती तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. एका बाईवरून तसं कुणालाच सांगता येत नाही. पण तिनं विचारलेलं बरोबर होतं, आणि उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी तिला एका हातानं बांधून ठेवलं होतं आणि दुसऱ्या हातानं, ती पळत का नाही म्हणून मारत होते.

त्यानंतर मी वाचायला बसले. आधी विश्रांतीचाच पुरावा शोधला, कारण मला तो सापडायला हवा होता. गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाला अंथरुणातली विश्रांती उपयोगी पडते का, याचा, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २००५ सालीच आला होता. चांगले म्हणावेत असे अभ्यास मोजकेच आणि छोटे, आणि त्यांवरून विश्रांतीची सक्ती करावी असं म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे मी बारा वर्षं मागं होते. उलट बाजूचं ठाऊक होतंच: पडून राहणाऱ्या गरोदर बाईच्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू झिजतात, मन खचतं. जाड बाईला गुठळीचा धोका आधीच जास्त असतो.

मग नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचा अभ्यास हाती लागला. २०१६ साली छापून आलेला. ९१ गरोदर बायका, सगळ्यांचा बीएमआय २८ किंवा त्याहून जास्त. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा बोलावून साधारण ३५ मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं आणि २५ मिनिटं ताकदीचे व्यायाम करून घेतले. उरलेल्यांना नेहमीची तपासणी. व्यायामानं वजनवाढ कमी होते का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. वजनात फरक पडला नाही. व्यायाम करणाऱ्यांचं सरासरी साडेदहा किलो वाढलं, न करणाऱ्यांचं नऊच्या थोडं वर. तिथं मी पान मिटणार होते. खाली वाचलं: शेवटच्या महिन्यांत व्यायाम करणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १२०, दुसऱ्यांचा १२८.

हे मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. काटा जागचा हलला नव्हता आणि बीपीत आठ अंकांचा फरक होता. अभ्यास लहान आहे, आणि ठरवलेला सगळा व्यायाम जेमतेम निम्म्याजणींनीच पार पाडला. त्यावरून प्रीइक्लॅम्प्शिया टळतो असं म्हणणं चुकीचं होईल. बीजिंगमध्ये ३०० जास्त वजनाच्या गरोदर बायकांना आठवड्यातून तीनदा सायकलवर बसवलं, तिथं मधुमेह जवळजवळ निम्म्यावर आला पण रक्तदाबाच्या आजारांत मोठा फरक दिसला नाही, हेही खरं. ब्रिटनमध्ये पंधराशेहून अधिक लठ्ठ गरोदर बायकांना आहार आणि हालचालीचा सल्ला दिला तरी मधुमेह कमी झाला नाही. पण जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, त्यात नुसत्या व्यायामानं गरोदरपणातला रक्तदाब आणि प्रीइक्लॅम्प्शिया, दोन्हींची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी दिसली. २०१९ मध्ये कॅनडानं आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनं, निरोगी गरोदर बाईनं आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं स्पष्ट लिहिलं. वजन जास्त आहे म्हणून कुणाला त्यातून वगळलेलं नाही.

डॉक्टर म्हणून मला ते पटण्यासारखंही होतं. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. ते सामावून घ्यायला रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात; म्हणून तर मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं खाली येतं. वारेकडे जाणाऱ्या वाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. अंगात चरबी जास्त असली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सुजट, हट्टी झालेलं असतं, ते हवं तेवढं सैल पडत नाही. चालताना रक्त जोरानं वाहतं, त्या घासण्यानं अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि वाहिनी सैलावते. हे रोज थोडं थोडं घडत राहिलं तर अस्तराला त्याची सवय लागते. यासाठी वजन उतरावंच लागतं असं नाही. माझ्या कित्येक बायका पहिल्या महिन्यात उमेदीनं चालायच्या, काटा हलला नाही की थांबायच्या, आणि मीही मान हलवायचे. चालण्याचा हिशेब आम्ही भलत्याच ठिकाणी मांडत होतो.

मी काटा पडद्याआड नेला. आता आकडा कुणी मोठ्यानं वाचत नाही.

एक गोष्ट सांगायला सगळ्यात जड जाते. बीपीच्या पट्ट्याची.

माझ्या दवाखान्यात एकच पट्टा होता, १९९३ पासूनचा, मधूनमधून रबर बदललेला. भरल्या दंडाच्या बायकांना तो जेमतेम पुरायचा. चिकटपट्टीचं टोक टोकाला लागायचं, फुगवताना करकर आवाज करत सुटायचं, मग नर्स दोन्ही हातांनी धरून ठेवायची. दंडाचा घेर ३२-३३ सेंटिमीटरच्या वर गेला की मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा बांधला तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. हेही मला माहीत होतं, तसंच, कुशीवरच्या हातासारखं. २०१८ मध्ये मोठा पट्टा आणला. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली, दंड ३७ सेंटिमीटर. तिचं बीपी आधीच्या दोन तपासण्यांत १४६ आणि १४८ भरलं होतं आणि ती एक महिना अंथरुणात होती. मोठ्या पट्ट्यानं, खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीला, हात टेबलावर, पाच मिनिटं थांबून मोजलं. १३०/८४. मी पुन्हा मोजलं. १२८/८४. नर्स माझ्याकडे बघत होती.

त्या महिन्यात त्या बाईची नोकरी गेली होती. कार्डावरचा आकडा मी लिहिला होता, खालच्या रेघाही माझ्या. मी तिला तिथंच सांगितलं की आधीची मोजणी चुकली. ती म्हणाली, "ताहोले आमी भालो आछी?" म्हणजे मी बरी आहे तर? तिला राग आला नाही, आनंदच झाला, आणि त्यानं मला अधिकच अपराधी वाटलं. अशा आणखी किती, ते कार्डांवरून कळत नाही, कारण दंडाचा घेर मी कधी लिहिलाच नव्हता. आता तो पहिल्या तपासणीत टेपनं मोजून कार्डाच्या डोक्यावर लिहिते.

मत बदललं म्हणजे मी सगळ्यांना चालायला लावायला निघाले, असं मात्र घडू नये, आणि एकदा तेच घडत होतं. दत्ताबादमधल्या आणि बनगाव लाइनच्या लोकलनं विधाननगर रोडला उतरून येणाऱ्या, चार-पाच घरची कामं करणाऱ्या बायकाही माझ्याकडे येतात. त्यांतही वजन जास्त असलेल्या पुष्कळ. एकीला मी उत्साहानं सांगितलं, रोज अर्धा तास चाल. ती काही बोलली नाही, साडीचा काठ वर करून पाय दाखवले. पहाटे चारला उठून स्टेशन, उभ्यानं प्रवास, पाच घरांची लादी, बादल्या, तीन मजले, पुन्हा उभ्यानं परत. तासन्‌तास उभं राहणं आणि वजन उचलणं यांनी गरोदरपणातला धोका कमी होत नाही, थोडा वाढतोच. मनानं चालायला निघणं आणि पोटासाठी उभं राहणं, शरीराला या दोन गोष्टी एक वाटत नाहीत. बिश्राम या शब्दावर जिचा खरा हक्क होता तिच्या कार्डावर मी तो इतकी वर्षं लिहिला नव्हता, कारण तिला तो परवडणार नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. आता लिहिते, आणि ती ज्या घरांत काम करते त्या माझ्या शेजारणींना फोन करून सांगते की हिला बादली उचलू देऊ नका, दुपारी एक तास पंख्याखाली आडवं होऊ द्या, पगार कापू नका. दोघीतिघींनी ऐकलं. एकीनं माझ्याशी बोलणं टाकलं.

बाकीच्यांना आता मी काय सांगते? रक्तस्राव, पाणी गेलेलं, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका, शेवटच्या महिन्यांत वार खाली असणं, फार कमी हिमोग्लोबिन, किंवा आधीच प्रीइक्लॅम्प्शिया, यातलं काही असेल तर चालण्याचा व्यायाम नाही. तिथं माझी जुनी सावधगिरी अजून शाबूत आहे. बीपी नुसतं वाढलेलं असेल तर आधी बीपी आवाक्यात, मग बोलू. हे काही नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात. जेवणानंतर दहा-दहा मिनिटं तीनदा चाललं तरी अर्धा तास भरतो. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा. इथल्या वैशाख-ज्येष्ठात घाम अंगावर सुकतच नाही, म्हणून पहाटे सेंट्रल पार्कचं फाटक उघडल्यावर किंवा दिवेलागणीनंतर, आणि फार उकडलं तर घरातल्या घरात. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडून करायचे व्यायाम नकोत. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे आले, उजव्या बरगडीखाली दुखलं, चेहरा एकाएकी सुजला, तर चालणं, जेवण, पाहुणे सगळं टाकून यायचं, रात्र असली तरी. आणि गोळी चुकवायची नाही. धोका जास्त असलेल्या बाईला सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेली रात्रीची ॲस्पिरिन, आणि कॅल्शियम, यांची जागा चालणं घेत नाही. ही चूक करणाऱ्या उत्साही नवऱ्यांना मी खुर्चीत बसवून सांगते.

विरोध घरातून होतो, आणि मला त्याचा राग येत नाही, कारण तो माझाच जुना आवाज आहे. पोट दिसत असताना बागेत कशाला, दृष्ट लागेल, लोक बघतात. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघण्याआधी इथून जवळच श्रीरामपूरच्या कॉलेजात बोलल्या, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, काय बोलतात, हे त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा त्यांना अठरावं सरत होतं. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलेलं. तीन वर्षांनी फिलाडेल्फियात त्यांनी पदवीचा प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर. हजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात त्यांच्याविषयी बोलायला मी दोनदा उभी राहिले आहे, टाळ्या घेतल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन बायकांना बाहेर पडू नका असं सांगितलं आहे.

ती शिक्षिका २०२२ मध्ये पुन्हा आली. दुसरी खेप, आठवा आठवडा, वजन ९१. पहिल्या वेळी प्रीइक्लॅम्प्शिया झालेला, म्हणजे धोका सगळ्यात वरचा. बरोबर माशिमा होत्या. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, २०१७ मध्ये मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. चालणं बंद करायला नको होतं, आणि वजनावरून मी जे बोलले तेही बोलायला नको होतं. शिक्षिका गप्प बसली. माशिमांना धक्का बसला असावा. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी तिला जे निजवून ठेवलं, त्यानं झालं का?" मला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही काही केलं नाहीत, तुम्ही माझं ऐकलंत. त्यांनी दोन-तीनदा मान हलवली, पण पदर डोळ्यांना लावला.

या वेळी बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन, दुसऱ्या तिमाहीपासून कॅल्शियम, घरी मोठ्या पट्ट्याचं यंत्र, आणि ब्लॉकच्या मैदानाला फेऱ्या. आधी दोन, मग चार. माशिमा तिला एकटी सोडायला तयार नव्हत्या, म्हणून त्याही. वजन साडेअकरा किलोनं वाढलं, माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा जास्तच. बीपी सदतिसाव्या आठवड्यापर्यंत १३० च्या आत राहिलं, मग १४२/९० झालं. प्रोटीन नाही. अडतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, २ किलो ९०० ग्रॅम. श्रेय कुणाचं, गोळीचं की फेऱ्यांचं की दुसऱ्या खेपेचं, ते मी वाटून देऊ शकत नाही.

सहा आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा माशिमांनी पिशवीतून एक शाळेची वही काढून टेबलावर ठेवली. मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पानं होती. रोजची तारीख, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, आणि किती मिनिटं चालणं झालं ते, वळणदार बंगाली अक्षरांत. मिनिटांचे रकाने दोन होते. एकावर लिहिलं होतं बौमा. दुसऱ्यावर आमी. पावसाचे दिवस सोडले तर दोन्हींतले आकडे शेवटपर्यंत सारखे होते. शेवटच्या आठवड्यात फक्त पहिल्या रकान्यात शून्य होतं, आणि दुसऱ्यात पंचवीस.